वरचा ठिपका

मंगळवार, ४

ही वही भाऊजींनी दिली. रोज विटांचे किती थर चढले ते लिहीत जा म्हणाले. पुढून थर लिहितो, मागून हे. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. दिवसाला दहा-बारा शब्द बोलतात आणि त्यातले तीन ‘माल पातळ झालाय’ हे असतात. घर इथून दोन दिवसांच्या वाटेवर. मग माणसाने बोलायचं कुणाशी?

आज सकाळी गॅरेजच्या मागच्या भिंतीत चीर दिसली. काम संपून आठ दिवस झाले नाहीत. छप्पर चढलंय, पत्रे लागलेत, फक्त पुढचं मोठं दार यायचंय. मागची भिंत डोक्याच्या वरपर्यंत सरळ जाते, मग छपराच्या दोन उतारांना मिळायला तिचा त्रिकोण होतो. तो त्रिकोण जिथे सुरू होतो, बरोबर तिथे आडवी चीर. सुतळीएवढी. भाऊजींनी तिच्यावरून नख फिरवलं, मग तळहात टेकवून ढकललं. त्रिकोण हलला. दुधाच्या दातासारखा.

मालक बाजूलाच होता. त्याच्या माल वाहायच्या गाडीसाठी हे गॅरेज.

“मिस्त्री, नवीन भिंत अशी हलते?”

“नाही.”

“मग ही का हलते?”

“बघतो.”

झालं. एवढ्यावर मालक गप्प बसला. मी असं उत्तर दिलं असतं तर माझं बखोट धरलं असतं.

भाऊजींनी सिमेंटचा घट्ट माल कालवून चिरेवर दोन ठिकाणी बोटभर ठिपके लावले. वाळला की ठिपका काचेसारखा होतो. भिंत हलली की तडकतो. तिसरा ठिपका शेंड्याला लावायचा होता, जिथे छपराचं आढं, म्हणजे मधलं मोठं लाकूड, भिंतीत शिरतं. तिथे मी चढलो. हल्ली वरची सगळी कामं माझ्याच गळ्यात. भाऊजी खाली उभे राहून शिडी धरतात. घरचा मेहुणा असल्यावर शिडी कोण चढेल?

भिंत का हलते ते मला माहीत आहे.

त्रिकोण बांधताना भाऊजींनी सात लोखंडी पट्ट्या दिल्या होत्या. दोन्ही उतारांवर तीन-तीन, शेंड्याला एक. थरात रुतवायच्या आणि चार-चार फूट आत सोडायच्या. कशाला, ते सांगितलं नाही. बारा शब्दांत ते बसलं नसेल. मग सुतार छप्पर करायला आला. पट्ट्या वाटेत तलवारींसारख्या. पहिल्याच तासाला त्याचा दंड ओरखडला आणि त्याने माझ्या सगळ्या खानदानाची आठवण काढली. मी ग्राइंडर घेतला आणि सातही भिंतीलगत कापल्या. वरून माल फिरवला. भाऊजींनी खालून बघितलं, म्हणाले, “सफाई चांगली आहे.” संध्याकाळी विचारलं, “पट्ट्या वाशांना ठोकल्या ना?” मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

आज कळलं पट्ट्या कशाला होत्या. छपराने भिंतीला धरून ठेवायला.

बुधवार, ५

मालकाचे वडील. त्यांच्याबद्दल लिहिलंच नव्हतं. म्हातारे ठार बहिरे आहेत. वेताच्या खुर्च्या विणतात. मागच्या भिंतीच्या बाहेर वारा लागत नाही आणि ऊन येतं, म्हणून भिंत उभी राहिल्यापासून त्यांनी तिथे बस्तान ठोकलंय. पाठ भिंतीला. वर त्रिकोण.

भाऊजींनी मालकाला सांगितलं, दोन दिवस वडिलांना तिथे बसवू नका. मालकाने हातवारे करून समजावलं. म्हातारे ओरडले, “जागा माझी आहे!” पण उठले.

मला ते उंट म्हणतात. “अरे उंटा, मान खाली घाल, ढग अडतायत!” आणि स्वतःच हसतात, कारण दुसऱ्याचं हसू त्यांना ऐकू येत नाही.

गुरुवार, ६

दुपारी वारा सुटला. पुढे दार नाही, म्हणजे गॅरेजने आ वासलेला. वारा आत शिरतो आणि मागच्या भिंतीवर जाऊन आपटतो. पत्रे फुगतात, वासे कुरकुरतात. आपण आतून बघत राहायचं.

वारा पडल्यावर भाऊजी पालथ्या पिंपावर चढले आणि खालचे दोन ठिपके बघितले. शाबूत. एका हाताने भिंत धरून होते. एवढंसं पिंप, आणि कपाळावर घाम.

“वरचा बघ.”

मी चढलो. ठिपका फुटला होता. मधोमध. अर्धा तुकडा सुटून खाली जाणार होता, तो मी मुठीत पकडला.

खालून आवाज आला. “वरचा?”

मी म्हणालो, “शाबूत.”

का म्हणालो? फुटला म्हटलं की भाऊजी विचारणार, पट्ट्या असताना वरचा कसा फुटेल? मग पट्ट्या निघणार. मग ताईला फोन. बेकरीतून मी पळालो, टायरच्या दुकानातून पळालो, आणि तरी ताईने नवऱ्यापुढे पदर पसरून मला इथे चिकटवलंय. पुढच्या वेळी ती कुणापुढे पदर पसरणार?

भाऊजींनी थोडा विचार केला. मालकाला म्हणाले, “वर धरलेली आहे. पाया थोडा बसला असेल. सोमवारी चीर भरतो.”

मालक म्हणाला, “मग वडील बसले तर चालेल?”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी शिडी आवरत होतो. फार मन लावून आवरत होतो.

“चालेल,” भाऊजी म्हणाले.

शुक्रवार, ७

भाऊजी सिमेंट सांगायला गेले तेवढ्यात डाव साधला. उरलेल्या पट्टीचा हातभर तुकडा घेतला, शेंड्याला भिंतीत भोक पाडून खिळवला आणि दुसरं टोक पहिल्या वाशाला ठोकलं. नवीन ठिपका लावला. अर्ध्या तासाचं काम. उगाच चार दिवस घाबरत होतो.

बाहेर म्हातारे होतेच. मी खुणेने म्हटलं, आजोबा, तिकडे बसा, इथे माल पडतो. ते म्हणाले, “पडू दे. पांढरं व्हायला माझं काय काळं राहिलंय?”

ताईचा फोन आला. जेवलास का, झोपतोस का, आणि मग नेहमीचं, “हे वर चढत नाहीत ना रे?” मी म्हटलं, नाही गं बाई, वर चढायला मी आहे की. “बरं आहे,” म्हणाली. भाऊ पडला तरी चालेल, नवरा पडू नये. लग्न झालं की बहिणी अशाच होतात.

शनिवार, ८

सकाळी पुन्हा वारा. चढलो. ठिपका परत फुटलेला. आणि माझ्या पट्टीने भिंत धरली नव्हती, भिंतीने पट्टीसकट वासा ओढला होता. वाशाचा खिळा नखभर बाहेर आलाय. आधी भिंत एकटी हलत होती, आता वाशाला घेऊन हलते.

“वरचा?”

“शाबूत.”

“छान,” भाऊजी म्हणाले.

दोन महिन्यांत पहिल्यांदा छान म्हणाले. आणि तेही ह्यावर.

रविवार, ९

सुट्टी. भाऊजी कपडे धूत होते. दहाच्या सुमाराला आमच्या खोलीची खिडकी धाडकन आपटली. मी बाहेर बघितलं. समोरच्या दोरीवरच्या चादरी आडव्या झाल्या होत्या.

चपला घातल्या की नाही आठवत नाही. वीस मिनिटांची वाट, किती मिनिटांत गेलो तेही आठवत नाही.

म्हातारे बसले होते. मांडीवर अर्धी विणलेली खुर्ची, तोंडात वेताची काडी. डोक्यावर भिंत हलत होती. डोळ्यांना दिसेल अशी. वारा आला की त्रिकोण बाहेर झुकायचा, वारा गेला की मागे यायचा, आणि चिरेतून वाळू गळत होती. ती त्यांच्या टोपीवर पडत होती. त्यांना वाटत असेल, माल पडतोय. मीच सांगितलं होतं ना.

ओरडून काय उपयोग? मी समोर जाऊन हात हलवले. ते म्हणाले, “आज सुट्टी ना रे उंटा?” मी त्यांचा दंड धरला. ते चिडले. “सोड! जागा माझी आहे!” मी खाली वाकलो आणि ते बसले होते त्या खुर्चीसकट त्यांना उचललं. म्हातारे हलके असतात असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. त्यांनी मला विणायच्या खुर्चीने डोक्यात हाणलं, दोनदा. मी थांबलो नाही. अंगणाच्या पार टोकाला, नळापाशी, नेऊन ठेवलं.

मालक दारातून धावत आला. “अरे ए! माझ्या बापाला कुठे नेतोस?”

“भिंत पडेल,” मी म्हणालो.

“मिस्त्री तर म्हणाले चालेल!”

“मिस्त्रींना मी खोटं सांगितलं.”

एवढं बोललो. तिथेच चिखलात बसलो. म्हातारे मला अजून शिव्या देत होते.

मालकाने भाऊजींना फोन केला. ते आले, साबणाचे हात घेऊनच. भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“वरचा ठिपका?”

“फुटलाय.”

“केव्हा?”

“गुरुवारी. परवा लावलेलाही फुटला.”

मालकाचा आवाज चढला. “मिस्त्री, हा पोरगा खोटं बोलला आणि तुम्ही माझ्या बापाला त्या भिंतीखाली बसवलंत?”

मला वाटलं आता कानाखाली बसणार. भाऊजींनी हात पँटला पुसले. म्हणाले, “चूक माझी आहे. मी वर चढून बघायला हवं होतं.”

“पण हा—”

“माझी आहे म्हणालो ना.”

मग त्यांनी ओंडके शोधले. वारा चालू असताना आम्ही तिघांनी बाहेरून तीन आणि आतून दोन टेकू लावले. भाऊजी मापं ओरडत होते, मी कापत होतो. एकदा मी शिडीवरून टेकू बसवत असताना वाऱ्याने भिंत माझ्या खांद्यावर आली. पूर्ण नाही, नुसती टेकली आणि परत गेली. तो भार अजून खांद्यावर आहे.

मी विचार करतोय, त्यांनी सगळं अंगावर का घेतलं? ताईसाठी, दुसरं काय.

सोमवार, १०

भिंतीच्या मधोमध आतून एक खांब चढवायचाय. त्याला स्वतःचा पाया हवा. भाऊजी म्हणाले, “पायाशिवाय खांब लावला तर तो खचतो, आणि जिला धरायला उभा केला तिलाच खाली ओढतो.” एका दमात एवढे शब्द मी प्रथमच ऐकले.

दोघं खड्डा खणत होतो. कमरेपर्यंत गेल्यावर मी म्हणालो, “पट्ट्या मी कापल्या.”

त्यांचं फावडं थांबलं नाही. “किती?”

“सातही.”

“कशाने?”

“ग्राइंडरने. वरून माल फिरवला.”

“आणि मी खालून बघून म्हणालो, सफाई चांगली आहे.” ते हसले. मला ते हसू कळलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, “ताईला सांगणार?”

“तू माझं सांगू नकोस, मी तुझं सांगत नाही.”

त्यांचं काय सांगण्यासारखं आहे, ते काही मला कळलं नाही. पण सौदा चांगला होता. मी हो म्हणालो.

बुधवार, १२

खांब खांद्यापर्यंत आला. भिंतीत एक थर सोडून एक थर खाच पाडायची, खांबाची वीट त्यात अर्धी घुसवायची. बोटांत बोटं अडकवल्यासारखी. मी एक वीट नुसती लगत लावून पुढे गेलो. भाऊजींनी थापीने ती उचकटली.

“शेजारी उभं राहणं वेगळं, धरणं वेगळं.”

हल्ली फार बोलतात.

शुक्रवार, १४

सात नवीन पट्ट्या. ह्या वेळी भाऊजींनी खाली जमिनीवर खडूने सगळं काढून दाखवलं. एका वाशाला ठोकून चालत नाही. बुडणाऱ्याने एकाला धरलं तर दोघं बुडतात. पट्टी तीन वाशांवरून न्यायची आणि वाशांच्या मधे लाकडी ठोकळे घट्ट बसवायचे, म्हणजे तिघं मिळून एक होतात. मला शनिवारचा तो खिळा आठवला. तोंडातून काही काढलं नाही, पण त्यांनी माझा हातभराचा तुकडा खिशातून काढून माझ्या हातात दिला. वरून पडलेला, त्यांना मिळाला होता.

“कल्पना वाईट नव्हती. आखूड होती.”

सगळ्या पट्ट्या मी ठोकल्या. ते खालून प्रत्येक खिळा मोजत होते.

शनिवार, १५

मालक सकाळी आला तो ठरवूनच. “मिस्त्री, आता पक्की झाली हे कोण सांगणार? हा?” माझ्याकडे हनुवटी केली. “ह्याच्या डोळ्यांवर मी बाप बसवणार नाही. तुम्ही चढा.”

भाऊजी शिडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं.”

मला म्हणाले, “माझ्या मागे चढ. जवळ.”

मी अगदी पाठीमागे, हात त्यांच्या दोन्ही बाजूंनी शिडीवर. पाचव्या पायरीवर ते थांबले. त्यांची पोटरी माझ्या छातीला लागत होती, ती शिवणयंत्रासारखी थरथरत होती.

“बोलत राहा,” ते म्हणाले.

“काय बोलू?”

“काहीही. बोलताना तू कधी अडलायस?”

मग मी बेकरीचं सांगितलं. मीठ आणि साखर उलटसुलट झाली होती आणि दोनशे पाव खारट निघाले होते ते. बेकरीवाला भट्टीभोवती माझ्या मागे कसा पळाला ते. एक पायरी. पळताना त्याचं धोतर कशात अडकलं ते. अजून एक पायरी. धोतर नव्हतं खरं तर, पण शिडी लांब होती.

वर पोचल्यावर भाऊजी फळीवर बसले. डोळे मिटूनच त्यांनी दोन्ही तळहात भिंतीला लावले आणि ढकललं. तीनदा. मग प्रत्येक पट्टीवरून हात फिरवला, खिळा न् खिळा चाचपला. डोळे उघडले ते फक्त नवीन ठिपका लावताना.

उतरायला अर्धा तास लागला. मी खालून त्यांचा पाय धरून एकेका पायरीवर ठेवत होतो. जमिनीवर आल्यावर त्यांचा सदरा पिळून काढावा असा झाला होता. मी म्हटलं, “भाऊजी, सकाळी पोटात काही न घालता चढत जाऊ नका. चक्कर येते माणसाला.”

“बरं,” ते म्हणाले.

मालकाला म्हणाले, “आता हलत नाही. पण एक मोठा वारा जाऊ द्या. तोवर टेकू काढत नाही, वडिलांना बसवत नाही.”

ते मुद्दाम चढले ते मालकासाठी, हे कळतं. पण माझ्या डोळ्यांवर त्यांचाही भरवसा उरला नसणार. माझ्यावर मीही ठेवला नसता.

मंगळवार, १८

उद्याच्या गाडीने आम्ही घरी जायचं ठरलेलं. दोन महिन्यांनी. माझी पिशवी परवापासून भरलेली आहे. दुसरं काम नंतर, आधी घर.

काल दुपारपासून वारा होता, आज सकाळी पडला. बाहेरचे टेकू भाऊजींनी वाऱ्याआधी बोटभर सैल केले होते, म्हणजे भिंतीची परीक्षा व्हावी. मी चढलो. खाली भाऊजी, मालक आणि म्हातारे, तिघंही माना वर करून.

“वरचा?”

ठिपक्यावर चीर होती. केसाएवढी. उजेडात तिरपं बघितलं तरच दिसणारी. शाबूत म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. भाऊजी पुन्हा चढणार नव्हते. उद्याची गाडी मिळाली असती.

“चीर आहे,” मी म्हणालो.

मालकाने कपाळावर हात मारला.

भाऊजींनी विचारलं, “वाळल्याची की हलल्याची?”

मी खूप वेळ बघितलं. हलल्याची चीर आरपार जाते, वाळल्याची वरवर असते, हे मला माहीत आहे. नखाने खरवडलं, एकदा वरवरची वाटली, एकदा खोल.

“मला सांगता येत नाही.”

मग भाऊजी म्हणाले, “शेजारी दुसरा लाव. ह्या वेळी माल घट्ट, वर ओलं फडकं. थांबू.”

“आणि गाडी?” मी वरून विचारलं.

“गाड्या काय, रोज जातात.”

ताईला फोन मी केला. का थांबलो ते सांगितलं नाही, नुसतं काम राहिलंय म्हटलं. ती म्हणाली, “तू? कामासाठी थांबलास?” आणि बराच वेळ हसली.

शुक्रवार, २१

दोन दिवस वारा नव्हता. वारा यावा म्हणून मी जेवढी वाट बघितली तेवढी कधी पगाराची बघितली नाही. आज सकाळी आला. असा आला की नळापाशी ठेवलेलं पिंप गडगडत फाटकापर्यंत गेलं. दार अजूनही बसलेलं नाही. म्हणजे वारा सरळ आत. वासे कुरकुरले, पत्रे वाजले. त्रिकोणाकडे मी पापणी न हलवता बघत होतो. अकरापासून एकपर्यंत.

मग वारा दमला. मी शिडी लावली. भाऊजींनी ती धरली.

दुसरा ठिपका अख्खा होता. वरून, खालून, बाजूने बघितला. ओलं बोट फिरवलं, चीर असली तर पाणी धरते. नाही धरलं. जुना ठिपका फोडून बघितला, त्याची चीर सालीइतकीच होती, आत माल एकसंध. आढ्याच्या कडेने नख घालून बघितलं. जात नव्हतं.

“वरचा?”

“शाबूत,” मी म्हणालो. आणि हाच शब्द मी आधी दोनदा वापरलाय हे तोंडातून निघाल्यावर आठवलं. कानांपर्यंत गरम झालो.

मालक पुढे झाला. “मिस्त्री, एकदा तुम्ही वर जाऊन बघता का?”

भाऊजींनी शिडीवरचे हात सोडले.

“त्याने बघितलंय,” ते म्हणाले.

मग अंगणाच्या टोकाला गेले, म्हाताऱ्यांची खुर्ची उचलली, आणि स्वतःच्या हाताने भिंतीला टेकवून ठेवली.